कापसाचा नकाशा : वाचनालयाच्या भिंतीच्या नोंदी

१४ जुलै २०२४
कापसाची नावं जगभर कशी फिरली त्याचा नकाशा वाचनालयाच्या भिंतीवर काढायचा आहे, म्हणून भिंत मोजली. दहा फूट बाय सहा फूट, खिडकीपासून कपाटापर्यंत. वरच्या कोपऱ्यात ओल आहे, पण ती दरवर्षीच असते. समितीनं दोन हजार रुपये मंजूर केले. त्यात रंग, पेंटर आणि सूत. सूत म्हणजे खरोखरचं सूत. शब्द कुठून कुठं गेला त्या रेषा रंगवायच्या नाहीत, खिळे ठोकून कापसाच्या दोऱ्यानं ओढायच्या, असं ठरवलं आहे.

विषय सातवीतल्या एका पोरानं दिला. बापाची मागच्या हंगामातली काट्याची पावती घेऊन आला होता. "भाऊ, याच्यावर 'कपास' लिवलं हाये, मार्केटच्या पाटीवर 'कॉटन' हाये, अन् आपण कापूस म्हणतो. खरं कोणतं?" तिन्ही खरे, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं. तो गेला, प्रश्न काही गेला नाही. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या अलीकडं. इथं पोर चालायला शिकतं ते पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, तासातून (ओळीतून). आणि या पिकाच्या तीन नावांचा हिशोब वाचनालय सांभाळणाऱ्या माणसाला देता येऊ नये?

१८ जुलै
परदेशातल्या शब्दांकडं जाण्याआधी घरातले शब्द मोजले. शेजारच्या आजीजवळ वही घेऊन बसलो. ती कुटाराच्या टोपल्यावर बसून सांगत गेली.

पेरायची ती सरकी. उगवते ती पऱ्हाटी. तिला पाती लागते, मग फूल, मग बोंड. बोंड फुटलं की त्यातला तो कापूस. जिनात गेला, सरकी वेगळी झाली, की उरते ती रुई. सरकीची निघते ढेप, ती जनावराला. वेचे संपल्यावर पाणी देऊन पुन्हा धरतात ती फरदड. आणि वावरातून उपटून चुलीपाशी रचतात त्या पऱ्हाट्या.

मी म्हटलं, आजी, इंग्रजीत झाडही कॉटन, रुईही कॉटन, धागाही कॉटन आणि लुगडंही कॉटन.
"मंग त्यायले समजते कसं, का उपटाचं अन् का नेसाचं?"

याचं उत्तर नकाशात कुठं बसवायचं ते सुचलं नाही. वहीत लिहून ठेवलं.

२८ जुलै
रविवार, दिवसभर झड. कार्पासाचं घराणं लावायला घेतलं.

संस्कृतात कार्पास, पालीत कप्पास, तिथून आपला कापूस आणि हिंदी-गुजरातीतला कपास. पावतीवरच्या शब्दाचं कोडं इथंच सुटलं. व्यापाराची भाषा हिंदी-गुजराती वळणाची, म्हणून पावतीवर कपास. ऋग्वेदात कापसाचं नाव नाही, लोकर आहे. नंतरच्या सूत्रग्रंथांत आणि स्मृतींत कार्पास दिसतो. ब्राह्मणाचं जानवं कापसाचं असावं असं मनुस्मृतीत आहे. शब्द मात्र मुळात आर्य भाषांचा नसावा, इथल्याच जुन्या ऑस्ट्रो-आशियाई (मुंडा, संथाळी यांच्या कुळातल्या) बोलींतून संस्कृतात आला असावा, असं मानणारे भाषाशास्त्रज्ञ बरेच आहेत. वस्तू तर ग्रंथांच्या कितीतरी आधीची. बलुचिस्तानातल्या मेहरगढला तांब्याच्या मण्यात अडकलेले कापसाचे धागे सापडले, ते सात हजार वर्षांहून जुने. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेलं कापड मिळालं.

'कापड' हा त्याचा भाऊबंद वाटतो. तो संस्कृत कर्पटातून आला आणि कर्पट म्हणजे चिंधी, जुनेर. म्हणजे आज दुकानात 'भारी कापड दाखवा' म्हणणारा माणूस मुळात भारी चिंधी मागतो आहे.

आता बाहेरची वाट. ग्रीकांनी कार्पासाचं 'कार्पासोस' केलं. रोमन लोकांनी 'कार्बासुस', आणि तिथं गंमत झाली. लॅटिनमध्ये तो शब्द तलम ताग्याला, मांडवाच्या छताला, आणि कवितेत तर जहाजाच्या शिडाला लागू लागला. जवसाच्या धाग्याचं कापडही कार्बासुस. झाड कोणी पाहिलेलंच नव्हतं. जे डोळ्यांपुढं होतं, त्याला नाव चिकटलं. फारसीत 'करबास' म्हणजे जाडंभरडं सुती कापड. हिब्रू बायबलात एस्तेरच्या ग्रंथात इराणी बादशहाच्या मेजवानीचं वर्णन आहे. तिथं बागेत टांगलेल्या पडद्यांत 'कर्पास' आहे. हिब्रू बायबलात तो तेवढा एकदाच येतो.

पूर्वेला मलायात 'कपास', कंबोडियाच्या ख्मेर भाषेत 'क्रबास'. आपल्याकडून गेलेल्या जहाजांनी मसाल्याच्या बदल्यात कापड दिलं आणि सोबत नावही देऊन आले. जुन्या चिनी लिखाणात 'जीबेई' असा एक शब्द कापसासाठी आहे, त्याचाही माग अभ्यासक या घराण्यापर्यंत नेतात. या सगळ्यांना लाल दोरा.

४ ऑगस्ट
एक खिळा काढला. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या ताटात 'कर्पस' नावाचा पदार्थ असतो. मी हरखून गेलो, कापूस थेट जेवणाच्या ताटात! पण तो पाला आहे, मिठाच्या पाण्यात बुडवून खायचा. त्याचं नातं फारसी 'करफ्स'शी, म्हणजे सेलरीसारख्या भाजीशी सांगतात. आडनाव एक, कूळ वेगळं. आमच्या गावात तीन राऊत आहेत, तिन्हींचं एकमेकांशी काही नातं नाही, तसंच.

तेव्हापासून नियम केला : नुसतं ऐकायला सारखं वाटलं म्हणून दोरा बांधायचा नाही. रस्ता दाखवता आला पाहिजे.

हा नियम लगेच महागात पडला. आमच्या इथून आदिलाबाद लांब नाही. तिकडं तेलुगूत कापसाला 'पत्ति' म्हणतात. तमिळमध्ये 'परुत्ति', कन्नडमध्ये 'हत्ति'. कन्नडनं शब्दाच्या सुरुवातीच्या प चा ह केला. तमिळमधलं 'पाल' (दूध) ते तिकडं 'हालु', तसं. आता परुत्ति आणि पऱ्हाटी शेजारी लिहून पाहिलं की हात शिवशिवतो. पण रस्ता हातात नाही, म्हणून दोरा नाही. दक्षिणेच्या तीन शब्दांना वेगळा हिरवा दोरा, आपापसात.

१८ ऑगस्ट
काम नाही. डवरणी, निंदण, फवारणी. ओल एक वीत खाली आली.

२५ ऑगस्ट
निळा दोरा. कॉटनचा.

माझी समजूत अशी होती की कॉटन म्हणजे कार्पासाचाच बिघडलेला अवतार. तसं मी दोन वर्षांपूर्वी वाचनालयातल्या एका भाषणात छातीठोकपणे सांगितलंही होतं. साफ चूक. कॉटन अरबीतून आला. अरबीत कापूस म्हणजे 'कुत्न'. अरबांनी पीक आणि शब्द दोन्ही भूमध्य समुद्राकाठी नेले. सिसिली आणि स्पेनमध्ये कापूस पिकायला लागला तो त्यांच्या राज्यात. स्पॅनिश लोकांनी अरबी उपपद 'अल' सकट उचललं, म्हणून तिकडं 'अल्गोदोन', पोर्तुगीजमध्येही तसंच. इटालियननं 'अल' गाळलं आणि 'कोतोने' केलं, फ्रेंचनं 'कोतों', आणि तेराव्या-चौदाव्या शतकात तो इंग्रजीत उतरला. डच 'कातून', जर्मन 'काटून'. मात्र जर्मनमध्ये काटून म्हणजे सुती छापील कापड, पिकाचं नाव दुसरंच. ते पुढं येईल.

म्हणजे यवतमाळच्या मार्केटच्या पाटीवरचा शब्द अरबस्तान, इटली, फ्रान्स आणि इंग्लंड फिरून आला आहे. आणि जिन? तो इंग्रजी 'एंजिन'चा शेपटाकडचा तुकडा. अमेरिकेत १७९४ साली एली व्हिटनीला सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट मिळालं, ते हे जिन. हातानं सरकी वेगळी करायचा रेचा आपल्याकडं त्याच्या कित्येक शतकं आधीपासून होता, पण रेच्यावर गेलो असं आता कोणी म्हणत नाही, जिनात गेलो म्हणतात.

२ सप्टेंबर
पोळा. बैलांना नवे कासरे, नव्या वेसणी. घरी दोनच बैल उरले. लिहायला फुरसत नाही.

१५ सप्टेंबर
पिवळा दोरा, आणि या प्रकल्पातला माझा सगळ्यात आवडता.

फारसीत कापसाला 'पंबे', त्याआधीच्या पहलवीत (मध्य फारसीत) 'पंबग'. तिथून आर्मेनियात 'बम्बक', जॉर्जियात 'बांबा', तुर्कीत 'पामुक', बल्गेरिया-सर्बियात 'पामुक', हंगेरीत 'पामुत', रुमानियात 'बुंबाक', ग्रीसमध्ये आज 'वामवाकी'. हिऱ्या-मोत्यासारखी ही सगळी नावं नकाशावर काळ्या समुद्राभोवती गोळा झाली आहेत. पेंटरला तिथं अक्षरं बारीक काढावी लागणार.

ग्रीकातून हा शब्द लॅटिनमध्ये शिरला तेव्हा तिथं आधीच 'बोंबिक्स' नावाचा एक शब्द बसलेला होता, अर्थ रेशमाचा किडा. दोन्ही मऊ, दोन्ही पांढरे, दोन्ही पूर्वेकडचे. लिहिणाऱ्यांनी दोघांची खिचडी केली आणि 'बोंबाक्स' तयार झाला. मीही पहिल्या कच्च्या चित्रात पंबेचा उगम रेशीमकिड्यात दाखवला होता. गाठ सोडून उलटी बांधली.

पुढची दोन वळणं ऐका. रशियनमध्ये 'बुमागा' म्हणजे कागद. तो याच शब्दाचा नातू. आणि सुती कापडाला रशियन माणूस अजूनही जो लांबलचक शब्द वापरतो, त्यात ही 'बुमागा' बसलेली आहेच, म्हणजे शब्दशः पुंजक्यांच्या कागदाचं कापड. दुसरं इंग्रजीत. अंगरख्याचे खांदे-छाती फुगवायला आत जो कापूस भरत, त्याला सोळाव्या शतकात 'बॉम्बास्ट' म्हणत. पुढं अंगरखे गेले आणि फुगवलेल्या भाषणाला तो शब्द राहिला. बॉम्बशी त्याचा संबंध नाही, आत रुई आहे. हे मी समितीच्या अध्यक्षांना सांगितलं. ते हसले नाहीत. दोन दिवसांनी त्यांचं शिक्षकदिनाचं राहिलेलं भाषण आहे.

आणि टिपेश्वरच्या जंगलात फाल्गुनात लालेलाल होणारी काटेसावर? वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं त्या झाडांच्या प्रजातीला नाव दिलं 'बॉम्बॅक्स'. शेंग फुटली की तिचाही कापूस उडतो ना. पिवळ्या दोऱ्याचा एक फाटा थेट आमच्या जिल्ह्यात आला.

२९ सप्टेंबर
ज्यांनी कोणाचाच शब्द घेतला नाही, त्यांचा दिवस.

जर्मनमध्ये कापूस म्हणजे 'बाउमवोल्लं', झाडाची लोकर. स्वीडिश 'बूमुल', तेच. फिनिश 'पूविल्ला' : पू म्हणजे झाड, विल्ला म्हणजे लोकर. झेक 'बाव्ल्ना' आणि पोलिश 'बावेउना' यांनी जर्मन शब्द निम्मा तसाच ठेवला, निम्मा आपल्या भाषेत फिरवला. तिबेटीत 'शिंगबल' : शिंग झाड, बल लोकर. जिथं मेंढी, तिथं लोकर. चीनमध्ये मेंढीऐवजी रेशीम, म्हणून तिकडं 'मूम्येन', झाडाचा रेशीमपुंजका. चिनी लिपीत तर पुंजक्याच्या चिन्हात आधी रेशमाची खूण होती. कापूस आल्यावर ती काढून झाडाची बसवली. जपाननं तोच चिनी शब्द 'मोमेन' म्हणून घेतला.

ही कल्पना जर्मनांचीच असं नाही. असीरियाचा राजा सेन्नाखेरीब, इसवीसनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास, आपल्या बागेतल्या लोकर देणाऱ्या झाडांबद्दल शिलालेखात लिहून गेला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिहिलं की हिंदुस्थानात जंगली झाडांना लोकर लागते, आणि ती मेंढीच्या लोकरीहून सुंदर आणि चांगली असते. चौदाव्या शतकातल्या युरोपी प्रवासवर्णनांत तर झाडाला लागलेल्या फळांत इवलीशी कोकरं असल्याची कथा आहे! बोंड फुटलेली पऱ्हाटी ज्यानं पाहिली नाही, त्यानं ऐकीव माहितीवर आणखी काय करावं? आमच्या वावरात त्याला एक दिवस वेचायला लावलं असतं तर बोंडाच्या सुकल्या पाकळ्यांनी बोटं सोलून निघाली असती आणि कोकराचं भूत उतरलं असतं.

अडचण अशी की या शब्दांना दोरा कसा बांधायचा? फिनलंड आणि तिबेट यांनी एकमेकांकडून काही घेतलेलं नाही. दोघांनी आपापल्या घरात बघून नाव ठेवलं. शेवटी ठरवलं : दोरा नाही, शब्दाशेजारी पेंटरनं एक छोटी मेंढी काढायची. चीन-जपानला मेंढीऐवजी कोशेटा.

३० सप्टेंबर
काल लिहिता लिहिता जपानचं राहून गेलं. तिथल्या राजदरबाराच्या इतिवृत्तात ७९९ सालची नोंद आहे. मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एक छोटी होडी लागली, तीत विशीतला एक परदेशी पोरगा. भाषा कळेना. पुढं जपानी शिकल्यावर त्यानं सांगितलं, मी तेन्जिकूचा. तेन्जिकू म्हणजे हिंदुस्थान. त्याच्याजवळ सरकी निघाली. पुढच्या वर्षी ती वेगवेगळ्या प्रांतांत लावायला दिली आणि लावायची रीतही लिहून ठेवली : उन्हाची, कसदार जागा, चार-चार फुटांवर खड्डे, बी रात्रभर भिजवायचं, एका खड्ड्यात चार बिया, माती लोटून हातानं दाबायची.

आमच्या टोबणीहून फार काही वेगळं नाही. फक्त यंदा, २०२४ ला, ८६४ रुपयांना पडलेली बियाण्याची थैली आणून एका खड्ड्यात चार बिया टाकायची आमची छाती नाही. ते पीक जपानात टिकलं नाही, कापूस तिकडं रुजायला आणखी सहा-सातशे वर्षं गेली. त्या पोराचं नाव नोंदीत नाही. नकाशावर त्याच्यासाठी होडी काढायची.

१२ ऑक्टोबर
दसरा. नकाशाची बाह्यरेषा झाली. पेंटर म्हणाला, आफ्रिका कमी करू का, जागा जाते. नाही म्हटलं.

२० ऑक्टोबर
दिवाळीच्या खरेदीला मामीसोबत पांढरकवड्याला गेलो. दुकानदारानं साडी उलगडली, "प्युअर कॉटन आहे ताई." मामीनं हात लावून पाहिला आणि भाव विचारला. बाहेर आल्यावर म्हणाली, "कापसाची साडी म्हटली असती तर शंभर रुपये कमी सांगतले असते."

बसमध्ये तेच डोक्यात फिरत होतं. आपण कापूस विकतो आणि कॉटन विकत घेतो. कापसाची गादी, कापसाची वात, पण कॉटनचा शर्ट. हे मराठीचंच असेल म्हणून घरी येऊन तपासलं, तर इंडोनेशियातही तेच! बोंडातला तो 'कपास', संस्कृतातून गेलेला. कापड मात्र 'कातुन', डच व्यापाऱ्यांनी आणलेलं. जपानीत कच्चा कापूस 'वाता', सुती कापड 'मोमेन', आणि चेहरा पुसायच्या पुडीतला कापूस 'कोत्तोन'. एकच बोंड, जितके हात बदलले तितकी नावं. लाल आणि निळा दोरा जावा बेटावर एकाच खिळ्याला बांधायचा. विदर्भावरही.

१० नोव्हेंबर
पहिला वेचा. सकाळी सीतादही केली, पऱ्हाटीला दहीभात शिंपडला, मग ओट्या बांधून बाया तासाला लागल्या. संध्याकाळी पाठ वाकलेली, पण एक गोष्ट लिहायची आहे.

मी इतके दिवस बाहेरून आलेले आणि बाहेर गेलेले शब्द लावत होतो, आपल्या मुलखातून काय गेलं ते पाहिलंच नव्हतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. लिव्हरपूलच्या बाजारात भावाच्या यादीत प्रत ओळखायची ती गावाच्या नावावरून : भडोच, धोलेरा, हिंगणघाट, आणि 'उमरावती'. अमरावतीचं इंग्रजी कानानं केलेलं रूप. पुढं ते आखडून नुसतं 'उमरा' झालं आणि वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या सट्ट्यातही उमरा म्हणूनच चालला. कालिकतवरून कॅलिको, इराकातल्या मोसुलवरून मस्लिन, मुंबईतल्या डोंगरीवरून डंगरी, तसं हे. फरक इतकाच की ती नावं कपड्यांची झाली आणि टिकली. उमरा गाठीचं नाव होतं. गाठ फुटली की नाव संपलं.

पांढरा दोरा, अमरावती ते लिव्हरपूल. एकच.

२४ नोव्हेंबर
निवडणुकीत पेंटर महिनाभर मिळाला नाही. आज आला. यंदा, २०२४-२५ ला, सरकारी भाव होता क्विंटलला ७५२१, लांब धाग्याच्या कापसाला. आमच्या मालात ओलावा जास्त निघाला, व्यापाऱ्यानं कमी लावला. त्यावर वेगळी वही भरेल, ती इथं नको.

८ डिसेंबर
नकाशा पूर्ण. दोरे लावायला पोरं होती. बाराच्या सुमारास आजी नातवाला जेवायला बोलवायला आली आणि भिंतीपुढं उभी राहिली. वाचता येत नाही तिला. नातू बोट ठेवून वाचत गेला : कार्पास, कुत्न, पंबे, पामुक, बाउमवोल्लं.

"अन् पऱ्हाटी?"

कुठंच नव्हती. नकाशा प्रवासाचा, पऱ्हाटीला बाण नाही, दोरा नाही, ती वावरातून हललीच नाही. सरकी, बोंड, फरदड यांचंही तेच. तिला हे सांगायला गेलो तर म्हणाली, "हलली नाही म्हून काय तिले पुसता?"

पेंटरला थांबवलं. पांढरा रंग संपला होता, मेंढ्यांना गेला. हिरव्यानंच विदर्भाखाली आजीचे सगळे शब्द ओळीनं लिहून घेतले, अक्षर कॉटनच्या अक्षराएवढंच. त्याचे त्यानं पैसे घेतले नाहीत.

हिशोब : रंग ८५०, पेंटर ७००, खिळे ६०, सूत २८०. एकूण १८९०, शिल्लक ११०.

ओल फिनलंडपर्यंत पोचली आहे.